आईवडिलांचं करणार कोण?

म्हातारपणी आईवडिलांचं करायचं कुणी, हा प्रश्न आपण घरातला मानतो. त्यांनी थोरल्याकडे राहायचं की धाकट्याकडे, औषधांचा खर्च कुणी उचलायचा, अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांचं रात्रीबेरात्री कुणी बघायचं, हे चार भिंतींआड ठरतं आणि त्यात मुलांचे संस्कार दिसतात, अशी आपली समजूत. आज मला या समजुतीची दुसरी बाजू मांडायची आहे. घरात कोण कुणासाठी किती करू शकतं, याचा बराचसा निर्णय घराबाहेर, कायद्यात आणि अंदाजपत्रकात आधीच झालेला असतो. आणि सरकारने मदत दिली की मुलं हात आखडता घेतात, ही जी भीती नेहमी बोलून दाखवली जाते, ती अनुभवाच्या कसोटीवर फारशी टिकत नाही.

सुरुवात आपल्या कायद्यापासून करू. आईवडिलांना पोसण्याचं बंधन फौजदारी प्रक्रिया संहितेत होतंच. स्वतःचं उत्पन्न असलेली विवाहित मुलगीही त्यातून सुटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1987 साली महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात स्पष्ट केलं. मग 2007 मध्ये आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा स्वतंत्र कायदा आला. त्यानुसार प्रांताधिकाऱ्याच्या पातळीवरच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो, महिन्याला कमाल दहा हजार रुपये निर्वाहखर्च मिळू शकतो, आणि सांभाळण्याच्या अटीवर बक्षीसपत्राने दिलेलं घर, ती अट मोडली तर परत मिळवता येतं. घराबाहेर काढलेल्या आईच्या हातात हे मोलाचं साधन आहे. पण त्यामागचं गृहीतक बघा. मुलाची ऐपत आहे, फक्त इच्छा नाही, असं हा कायदा धरून चालतो. आईवडिलांची हेळसांड करणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या पगारातून 30 टक्के रक्कम कापून ती आईवडिलांना देण्याचं पाऊल लातूर जिल्हा परिषदेने 2020 च्या सुमारास उचललं. पगारपत्रक असेल तिथे हे जमतं. जो मुलगा स्वतःच रोजंदारीवर जगतो, त्याच्याकडून न्यायाधिकरण काय वसूल करणार? शिवाय आदेशाने पैसे मिळतील, रात्री उठून पाणी देणारं माणूस मिळत नाही. आणि त्या पैशांसाठी आईला पोटच्या मुलाविरुद्ध तक्रारदार व्हावं लागतं.

धाकाची बाजू अशी भक्कम असताना आधाराची बाजू मात्र तोकडी आहे. दारिद्र्यरेषेखालच्या 60 ते 79 वर्षांच्या वृद्धांसाठी केंद्र सरकार महिन्याला 200 रुपये देतं. ही रक्कम 2006-07 मध्ये ठरली आणि तिथेच थांबली. तिची खरेदीची ताकद तेव्हाच्या निम्मीही उरलेली नाही. महाराष्ट्राने श्रावणबाळ योजनेतून तिच्यात भर घातली आणि 2023 मध्ये एकूण रक्कम हजारावरून दीड हजारावर नेली, हे राज्याचं श्रेय. पण त्यासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21 हजारांच्या आत हवं. म्हणजे घरात महिन्याला पावणेदोन हजारांहून जास्त आले की सगळा भार पुन्हा कमावत्या मुलावर. म्हातारपणाचं पेन्शन हा माणसाचा स्वतःचा हक्क न राहता मुलगा अपुरा पडल्याचा दाखला ठरतो.

वृद्धाच्या हातात पुरेसा पैसा आला तर घरात काय घडतं, हे दक्षिण आफ्रिकेत बारकाईने तपासलं गेलं आहे. वर्णभेदाची राजवट संपत असताना तिथे वृद्धापकाळाचं पेन्शन कृष्णवर्णीयांना गोऱ्यांच्या बरोबरीने मिळू लागलं. गरीब घरांच्या मानाने ती रक्कम मोठी होती. पुढे नोबेल मिळालेल्या अर्थतज्ज्ञ एस्थर डुफ्लो यांनी 2003 मध्ये दाखवलं, की पेन्शन आजीच्या हाती पडलं तेव्हा घरातल्या नातींचं पोषण सुधारलं; आजोबांच्या हाती पडलं तेव्हा तसा परिणाम दिसला नाही. दुसऱ्या एका अभ्यासात असं आढळलं, की पेन्शन सुरू झाल्यावर घरातली कर्ती माणसं कामासाठी बाहेरगावी जाऊ शकली, कारण घरखर्चाला आधार झाला आणि मुलांना सांभाळायला आजी होती. आपल्या बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणारी जोडपी ज्या घरांत मुलांना आजी-आजोबांकडे ठेवून जातात, त्या घरांना हे वेगळं समजावून सांगायला नको. आजीचं पेन्शन नातवंडांच्या ताटातही उतरतं. वृद्धांना आपण फक्त घेणारे समजतो. हातात थोडा पैसा आला की ते देणारे होतात.

आता आक्षेपाकडे वळू. सरकार देतंय म्हटल्यावर मुलं पैसे पाठवणं बंद करतील, असं म्हटलं जातं. यात तथ्य आहे, आणि ते किती आहे हेही मोजलं गेलं आहे. रॉबर्ट जेन्सन यांच्या अभ्यासानुसार दक्षिण आफ्रिकेत पेन्शनच्या प्रत्येक रँडमागे दूर राहणाऱ्या मुलांकडून येणारी रक्कम सुमारे पाव रँडने किंवा त्याहून थोडी जास्त घटली. म्हणजे बराच मोठा वाटा वृद्धांकडे राहिलाच. जी पाव रक्कम घटली, तीही वाया गेली असं म्हणता येत नाही. ती तरुण घरांत राहिली आणि त्यांची ओढाताण तेवढी कमी झाली. युरोपातलं चित्रही हेच सांगतं. सरकारी सेवा मुबलक असलेल्या स्वीडन-डेन्मार्कमध्ये आईवडिलांना काही ना काही मदत करणाऱ्या मुलांचं प्रमाण इटली-ग्रीसपेक्षा जास्त आहे. फरक मदतीच्या स्वरूपात आहे. उत्तरेत अनेकजण थोडं थोडं करतात: बाजारहाट, कागदपत्रं, दवाखान्याला सोबत. दक्षिणेत मोजकेच करतात, पण त्यांना दिवसरात्र त्यातच राहावं लागतं. रोजच्या जड कामाचा भार सार्वजनिक सेवेने उचलला की बाकीच्यांना जवळ येणं परवडतं.

जड काम कुणाच्या वाट्याला येतं, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. 2019 च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरातल्या माणसांची देखभाल करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी 134 मिनिटं त्यात घालवतात, तर अशी देखभाल करणारे पुरुष 76 मिनिटं. आणि मुळात असे पुरुषच थोडे आहेत. 2007 च्या कायद्यात ‘अपत्य’ म्हणजे मुलगा, मुलगी, नातू आणि नात. सुनेचं नाव त्यात नाही. तिला जबाबदार धरलेलं नाही हे ठीकच, पण प्रत्यक्षात जी बहुतेक वेळा सगळं करते, तिच्या कष्टांचीही कुठे नोंद नाही. 2019 मध्ये सून आणि जावई यांना व्याख्येत आणणारं विधेयक संसदेत मांडलं गेलं, तेही बंधन वाढवण्यासाठी. हातभार लावण्यासाठी नव्हे. जपानने 2000 साली वृद्धसेवेचा सार्वजनिक विमा सुरू केला तेव्हा हाच पेच होता. रोख रक्कम दिली तर सून घराला आणखी जखडली जाईल, अशी भूमिका तिथल्या महिला संघटनांनी घेतली, आणि जपानने रोख रकमेऐवजी सेवा देण्याचं ठरवलं. जर्मनीने 1995 मध्ये दोन्ही पर्याय दिले: सेवा घ्या किंवा रोख भत्ता, शिवाय घरी शुश्रूषा करणाऱ्याच्या पेन्शन खात्यात सरकारी विम्यातून भरणा. तरीही जर्मनीत बहुतेक वृद्धांची देखभाल घरीच होते. तेव्हा विम्याने कुटुंब मोडलं, असं म्हणायला जागा नाही.

आपल्याला जर्मनीएवढा पैसा आणायचा कुठून, असा दुसरा आक्षेप येईल. तो रास्त आहे. पण काळजीचा खर्च सरकारने उचलला नाही म्हणून तो नाहीसा होत नाही. नोकरी सोडणाऱ्या मुलीच्या, शाळेतून काढलेल्या नातीच्या, जमीन गहाण ठेवणाऱ्या मुलाच्या नावावर तो निमूट चढतो. 2024 पासून 70 वर्षांवरच्या सर्वांना उत्पन्नाची अट न घालता आयुष्मान भारतमधून रुग्णालयातल्या उपचारांचं संरक्षण मिळालं, म्हणजे उत्पन्नाची अट अटळ नाही हे सरकारने स्वतःच मान्य केलं आहे. पण माणूस रुग्णालयातून घरी आल्यावरची वर्षं अजून त्या संरक्षणाबाहेर आहेत. तिथून सुरुवात करता येईल: महागाईशी जोडलेलं आणि मुलाच्या कमाईवर न अडलेलं पेन्शन, आरोग्य उपकेंद्रातून घरी येणारी प्रशिक्षित मदतनीस, आणि घरी शुश्रूषा करणाऱ्याच्या नावे, मग तो मुलगा असो की सून, छोटासा का होईना भत्ता. कुटुंबाला कर्तव्याची आठवण करून देणं स्वस्त आहे, म्हणून सरकारांना ते आवडतं. ते कर्तव्य पार पाडणं घराला परवडेल अशी व्यवस्था करणं महाग आहे, आणि सरकारचं खरं काम तेच आहे.