चाकाची मागची बाजू

अलॉय व्हीलच्या दुकानात चाकं भिंतीवर तोंड पुढे करून टांगलेली असतात. काळी, चंदेरी, आरसा वाटावा इतकी घासलेली. गिऱ्हाईक आरे न्याहाळतं, मोबाइलवर फोटो काढून घरी पाठवतं. ‘जरा उलटं करून दाखवा’ म्हणणारा विरळाच. गाडीला ते चाक बसणार की नाही, हे मात्र मागेच ओतलेलं असतं: १५ × ६, ४ × १००, ईटी ४०.

पहिली जोडी सोपी. व्यास १५ इंच, रुंदी ६ इंच. दुसरी पीसीडीची, म्हणजे बोल्टच्या भोकांच्या केंद्रांमधून जाणाऱ्या वर्तुळाच्या व्यासाची. मारुती स्विफ्टला भोकं चार आणि वर्तुळ १०० मिलिमीटरचं. फियाटच्या जुन्या पॅलिओलाही चारच, पण वर्तुळ ९८चं. म्हणजे प्रत्येक भोक जेमतेम एक मिलिमीटर बाजूला. ‘बसतंय की साहेब, चारच तर होल आहेत!’ आणि खरंच बसतं, हीच अडचण. बोल्ट तिरका आवळला जातो, चाक मध्यावर येत नाही, आणि रस्त्याच्या धक्क्यांनी तो बोल्ट सैल होऊ लागतो. चार भोकांच्या चाकात समोरासमोरच्या दोन भोकांच्या केंद्रांमधलं अंतर मोजलं की वर्तुळाचं माप मिळतं. पाच भोकांच्या चाकात समोरासमोर भोक येतच नाही. तिथे शेजारच्या दोन भोकांच्या केंद्रांमधलं अंतर १.७ने गुणलं की वर्तुळ कळतं.

मधल्या मोठ्या भोकाकडे तर कुणीच बघत नाही. स्विफ्टला ते ५४.१ मिलिमीटरचं लागतं, फोक्सवॅगन पोलोला ५७.१चं. बाजारातलं चाक अनेक गाड्यांना चालावं म्हणून बरेचदा ७३.१चं कापलेलं असतं. चाक आणि ते ज्यावर बसतं तो गाडीचा हब यांच्यामधली फट भरायला प्लॅस्टिकची किंवा ॲल्युमिनियमची रिंग मिळते. ती विसरली, की ताशी ८०-९०च्या वेगाला स्टिअरिंग थरथरायला लागतं. मालक बॅलन्सिंगला जातो, पुन्हा जातो. मशीन दर वेळी शून्य दाखवतं, कारण मशीनवर चाक शंकूत अगदी मधोमध धरलेलं असतं. गडबड हबवर आहे, मशीनवर नाही.

ईटी म्हणजे ऑफसेट. चाक हबला टेकतं ती जागा रुंदीच्या मध्यापासून किती मिलिमीटर बाहेरच्या अंगाला आहे, ते हा आकडा सांगतो. आकडा जितका लहान, तितकं चाक बाहेर. समजा, साडेपाच इंची, ईटी ४५चं चाक काढून सात इंची, ईटी ३५चं घातलं. वाढलेल्या दीड इंचातले १९ मिलिमीटर बाहेर आणि ऑफसेटचे १०, असं चाक २९ मिलिमीटर बाहेर सरकलं. दुकानासमोर ते फार रुबाबदार दिसतं. मागच्या सीटवर तिघं बसली आणि गाडी खड्ड्यात आदळली, की टायर मडगार्डला घासल्याचा आवाज येतो.

टायरचा हिशेब कंपन्यांनी स्वतःच करून दाखवला आहे. २०१८च्या स्विफ्टच्या साध्या मॉडेलला १६५/८० आर १४ टायर होते, वरच्या मॉडेलला १८५/६५ आर १५. रिम एका इंचाने मोठी, पण टायरचा बाहेरचा व्यास सुमारे ६२० आणि ६२१ मिलिमीटर. सोळा इंची रिम घालायची असेल तर १९५/५५ टायर याच मापात बसतो. हौसेने २०५/६० घातला, तर व्यास ६५२पर्यंत जातो आणि स्पीडोमीटरवर १०० दिसत असताना गाडी १०५ने धावते. चाक पेलू शकेल त्या कमाल भाराचा आकडाही बहुधा चाकाच्या मागेच असतो. तो गाडीला पुरणारा हवा.

उरले नट. काहींची बुडं शंकूसारखी, काहींची गोलाकार, जशी होंडाच्या मूळ चाकांच्या नटांची. अलॉयसाठी नवे नट घेतले, तर जुने दुकानातच राहून जातात. पण डिकीतली स्टेपनी लोखंडी असते. रात्री घाटात पंक्चर झालं, की तिला ते जुनेच नट लागतात. म्हणून जाणते मेकॅनिक चाकं बदलून झाल्यावर जुने नट एका फडक्यात बांधून जॅकशेजारी ठेवून देतात.