हप्ता, जप्ती आणि पत

हप्ते थकले की मोटार जाते. पण कर्ज जात नाही, हे ऋणकोला फार उशिरा उमगते. धनको संस्था लिलावात गाडी विकते, आलेली रक्कम येण्यातून वजा करते आणि उरलेली तूट त्याच्याच माथी ठेवते. टॅक्सीचालकाच्या बाबतीत तर ज्या साधनाच्या मिळकतीतून हप्ता फिटावयाचा, तेच हिरावले जाते.

दंडेलीला कायद्याचा आधार नाही. वाहनाची जप्ती कायदेशीर मार्गानेच व्हावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली बजावले. वित्तकंपन्यांच्या करारात जप्तीपूर्व नोटीस आणि लिलावापूर्वी फेडीची अखेरची संधी यांविषयी कलमे असावीत, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. तो ऋणकोने वाचला पाहिजे.

पुढची शिक्षा अदृश्य असते. थकबाकी पतअहवालात नोंदली जाते, ३०० ते ९०० या पट्टीवरील गुणांक घसरतो, नवे कर्ज महागते वा नाकारले जाते. तडजोडीने मिटवलेले कर्जही पूर्ण फेडलेले मानले जात नाही. म्हणून शक्यतो तूट फेडून ना-हरकत दाखला घ्यावा. नोंद चुकीची असल्यास २००५च्या कायद्याने दिलेला दुरुस्तीचा हक्क बजावावा.

ऋणकोच्या पतीचे मोजमाप रोज होते. धनकोच्या वर्तनाचे मोजमाप कोण करणार? ते काम संघटित ऋणकोंनीच हाती घेतले पाहिजे.