आंब्याचा मुका मार

मनुष्याला मुका मार बसला तर तो निदान कण्हतो तरी. आंबा कण्हत नाहीं. देवगड-रत्नागिरीकडील हापूस करूळ, फोंडा किंवा आंबा घाट चढून कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डांत येतो, तेव्हां तो बहुधा हिरवा व कठीण असतो. अशा फळास वाटेंत पेटीच्या फळीचा दणका बसला, तरी साल अभंग राहते. आंत मात्र गराच्या पेशी फुटतात, त्यांतील द्रव्यांचा प्राणवायूशीं संयोग होतो, आणि कांहीं दिवसांनीं आढींत त्या जागीं काळसर, पिळपिळीत डाग उमटतो. दुखावलेलें फळ श्वसनही जोरानें करतें, इथिलीन नांवाचा वायु अधिक सोडतें आणि शेजारच्या फळांनाही अकालीं पिकवितें.

मग पारख कशी करावी? अंगठ्यानें दाबून मुळींच नव्हे! दहा गिऱ्हाइकांनीं दाबलेला आंबा अकरावा गृहस्थ घरीं नेतो आणि विक्रेत्याला बोल लावतो. किंवा तो कोणीच नेत नाहीं, आणि पाटी घेऊन बसलेल्या बाईच्या त्या दिवसाच्या मिळकतीला तेवढी कात्री लागते. अशा पारखीला मी तरी नासधूसच म्हणेन.

फळ तळहातावर घेऊन उजेडांत तिरपें धरावें व सावकाश फिरवावें. गोलाई मोडून एखादा भाग चपटा झालेला दिसला, किंवा सालीवरील मेणचट झांक एकाच जागीं पुसलेली आढळली, तर तेथें मार असण्याचा संभव असतो. देंठाशीं सुरू होणारे काळे ओघळ ही गोष्ट निराळी. देंठ मुळाशीं तुटला म्हणजे चीक उडतो व साल भाजते. दापोलीच्या कोंकण कृषि विद्यापीठाचा नूतन झेला याचसाठीं आहे. त्यांत फळ थोडा देंठ राखून कापलें जातें व अलगद जाळींत पडतें. पेटी घेतांना वरच्या थरावर भुलूं नये, तळचा पेंढा पाहावा. तो ओलसर वा आंबूस वासाचा असला, तर ती पेटी परत ठेवावी.

साक्याचा दोष मात्र हमालाच्या माथीं मारूं नये. ती गरांतील विकृति आहे, आपटण्याशीं तिचा संबंध नाहीं, आणि बाहेरून ती ओळखूं येत नाहीं. क्ष-किरणांच्या चित्रांत ती दिसूं शकते. पण मंडईंत तें यंत्र कोण नेणार!

संशयित फळें आढींत न घालतां वेगळीं ठेवावीं आणि पिकतांच डाग कापून त्यांचा रस काढावा. बुरशी धरली असल्यास सबंध फळच टाकावें.