विरजणातला जीव, पावातला जीव

रात्री कोमट दुधात चमचाभर विरजण घातलं, की सकाळी दही लागलेलं असतं. ही करामत आदिकेंद्रकी जिवाणूंची. मिलिमीटरच्या काही हजारांश भागाएवढ्या या पेशीत केंद्रकच नसतं. डीएनए पेशीद्रव्यात मोकळा. तरी दुधातल्या साखरेचं आम्ल करायला एवढा संसार पुरतो!

पाव फुगवणारं यीस्ट मात्र दृश्यकेंद्रकी. तिथे डीएनएला पडद्याआड वेगळी खोली, ऊर्जेसाठी तंतुकणिका.

खरी गंमत या तंतुकणिकांचीच. माणसाच्या पेशीतही त्यांचा स्वतःचा डीएनए असतो, तोही जिवाणूंसारखा गोल. त्या मुळात स्वतंत्र जिवाणूच होत्या, मोठ्या पेशीत शिरल्या आणि तिथेच नांदल्या, असं जीवशास्त्रज्ञ लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ मध्ये एका लेखात मांडलं. त्याआधी अनेक नियतकालिकांनी तो लेख साभार परत केला होता.