आधी हात, मग ग्रंथ

(धानोरा, जि. नंदुरबार येथे ग्रामस्थ व ग्रंथालय कार्यकर्त्यांसमोर केलेले भाषण)



ग्रंथालय म्हटले की कुलूपबंद कपाटे आणि वर्तमानपत्र चाळणारी वडीलधारी मंडळी डोळ्यांसमोर येतात. बालकाला तेथे एकच आज्ञा असते : हात लावू नकोस! परंतु बालक शिकते ते हातानेच. म्हणून माझी एकच विनंती आहे. गावच्या ग्रंथालयाने आठवड्यातील एक तास मुलांच्या हातांसाठी राखून ठेवावा.

ही कल्पना परकी नाही. १९१० पासून सयाजीराव महाराजांनी बडोदे संस्थानात ग्रंथालय चळवळ उभी केली. पेट्यांतून पुस्तके खेडोपाडी गेली. वाचता न येणाऱ्यांना जादूच्या कंदिलाने चित्रे दाखविली गेली. आपल्या नवापूरशेजारचे सोनगड त्याच संस्थानात होते.

आरंभ कशाने करावा? ग्रंथालयाच्या अंगणात एक सरळ काठी रोवावी. मुलांनी तिच्या सावलीचे टोक ठरावीक वेळाने खुणावे. सर्वांत आखूड सावली उत्तर-दक्षिण दिशा दाखविते. आपला जिल्हा कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्याने मेच्या अखेरीस एका मध्यान्ही ती सावली काठीच्या पायाशीच लोपते. मूल विचारील, 'असे का?' त्याच क्षणी त्याच्या हाती पुस्तक द्यावे. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त सावलीच्या गणिताचे स्वतंत्र प्रकरण आहे. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेव यांनी मठ स्थापिला, तो आपल्या खानदेशातील पाटण येथे. १२०७ चा शिलालेख त्याची साक्ष देतो.

आता मनाला बोचणारी गोष्ट सांगतो. दिवाळीनंतर आपल्या भागातील कित्येक कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात. बरोबर मुलेही जातात आणि शाळेचा धागा तुटतो. परतलेल्या मुलाला इयत्ता विचारली की ते मान खाली घालते. ग्रंथालय इयत्ता विचारीत नाही, हजेरी मागत नाही. मेअखेर शाळा बंद असते, तेव्हाही अंगणातील काठी उभीच असते. बांबू कसा तासावा, मोहाची फुले कशी वाळवावीत, हे त्या मुलाला ठाऊक आहे. ते त्याने भिलीत किंवा पावरीत इतरांना सांगावे. आपण ते लिहून घ्यावे. ते त्या ग्रंथालयाचे नवे पुस्तक ठरेल.

यासाठी मोठा निधी नको. एक काठी, थोडा खडू, बांबूच्या काही कामट्या आणि नियमाने दार उघडणारा एक कार्यकर्ता हवा. तो कार्यकर्ता आज या सभेतूनच उभा राहावा, एवढीच अपेक्षा व्यक्त करून मी थांबतो.