लिहायचं की नाही?

नोकरीचा अर्ज भरताना नाव, पत्ता, शिक्षण हे रकाने भराभर भरले जातात. पेन अडतं ते एका प्रश्नाशी : ‘आपल्यावर कधी गुन्हा दाखल झाला होता का?’ मिरवणुकीतली मारामारी, बांधावरचं भांडण, कॉलेजातलं आंदोलन, अशा प्रकरणांत नाव आलेली मुलं वडिलांना घेऊन माझ्याकडे येतात. मी फौजदारी वकील. ‘साहेब, हे लिहायचं की नाही?’ एवढंच त्यांना विचारायचं असतं.

मी सांगतो, आधी प्रश्न नीट वाचा. ‘शिक्षा झाली आहे का’, ‘खटला चालू आहे का’ आणि ‘कधी अटक झाली होती का’ हे तीन वेगळे प्रश्न आहेत. निर्दोष सुटलेल्याने पहिल्याला खुशाल ‘नाही’ लिहावं. पण अटक झाली असेल, तर तिसऱ्याला ‘होय’च लिहायला हवं. मुलं फसतात ती इथेच. कोर्टानं सोडलं म्हणजे काही घडलंच नाही, असं समजून ती सगळीकडे ‘नाही’ लिहितात. पुढे चारित्र्य पडताळणीत पोलीस ठाण्यातली नोंद निघते. मग मूळ भांडण किरकोळ असलं तरी ‘माहिती दडवली’ हा ठपका बसतो.

सरकारी नोकरीबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली अवतार सिंग खटल्यात या विषयाची सूत्रं घालून दिली. उमेदवाराने दिलेली माहिती खरी हवी. जे विचारलंच नाही, ते सांगितलं नाही म्हणून त्याला दोषी धरता येत नाही. प्रकरण क्षुल्लक असेल, तर दडवणूकही माफ करण्याचा विचार नेमणूक करणाऱ्याने करावा. मात्र खरं सांगितलं म्हणजे नोकरी मिळालीच, असंही नाही. पूर्वेतिहास तपासून निर्णय घेण्याचा अधिकार त्याच्याकडे राहतो.

त्याआधी २०११ मध्ये याच न्यायालयाने दिल्ली पोलिसांत अर्ज केलेल्या एका तरुणाच्या बाजूने कौल दिला होता. विशीतल्या भांडणाचा, तडजोडीनं मिटलेला खटला त्याने अर्जात लिहिला नव्हता. तरुण वयातली चूक आयुष्यभर कपाळी मारू नये, अशी न्यायालयाची भूमिका होती. पण अर्ज होता १९९९ सालचा! न्याय मिळेपर्यंत बारा वर्षं गेली.

अठरा वर्षांखालील मुलांना कायद्याचं वेगळं संरक्षण आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम २४ नुसार अशा प्रकरणामुळे पुढे अपात्रता येत नाही. सोळा ते अठरा वयातल्या अतिगंभीर गुन्ह्यांत, बाल न्यायालयाने प्रौढांप्रमाणे खटला चालवून दोषी ठरवलं असेल, तर मात्र हे संरक्षण नाही.

खासगी कंपनीच्या मुलाखतीत हा प्रश्न आला, तर चार वाक्यांत उत्तर द्या : काय घडलं, कधी घडलं, कोर्टानं काय ठरवलं आणि त्यानंतर आपण काय केलं. रडगाणं नको, दुसऱ्यावर ढकलणं नको. कोर्टातून निकालाची प्रमाणित नक्कल आधीच काढून ठेवा, आणि भरलेल्या अर्जाची झेरॉक्सही जपा. पुढे कुणी पुन्हा विचारलं, तर उत्तर तेच हवं.

आणि पालकांनो, ‘लिहू नकोस, कुणाला कळतंय!’ हा सल्ला मुलाला देऊ नका. घडलेली गोष्ट जुनी असते. खोटं उत्तर मात्र आजच्या तारखेचं आणि त्याच्याच सहीचं असतं.