नाकारलेला अर्ज म्हणजे अखेर नव्हे
(वार्षिक सभेतील मनोगत)



स्किझोफ्रेनियाग्रस्त मुलाला घेऊन एक माता आमच्या मानसोपचार विभागात आली. त्याच्या प्रमाणपत्रावर दिव्यांगत्व ४० टक्क्यांहून कमी नोंदले होते. त्यामुळे संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज फेटाळला गेला होता. तपासणीच्या दिवशी मुलगा स्वच्छ कपड्यांत शांत बसला होता. त्याला अंघोळ कोण घालते, गोळ्या कोण देते, हे कोणी विचारलेच नाही. त्या माउलीच्या कष्टांनीच त्याचा आजार झाकला होता.

मानसिक आजारातील दिव्यांगत्व स्वतःची निगा, परस्परसंबंध, संवाद व आकलन आणि काम या चार अंगांनी, तसेच आजाराच्या कालावधीवरून ठरते. म्हणून आमच्या समाजसेविकेने मातेकडून दैनंदिन नोंदी लिहवून घेतल्या, जुने केसपेपर जोडले. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ५९ अन्वये प्रमाणपत्राविरुद्ध अपील करता येते. नियमांनुसार मुदत ९० दिवसांची आहे. अपील मुदतीत दाखल झाले, फेरतपासणी झाली आणि मुलाला हक्काचे प्रमाणपत्र मिळाले.

कुटुंबीयांना आमची विनंती आहे : निर्णयाची तारीख पाहा, प्रत्येक कागद जपा आणि ‘आता बरा आहे’ असे सांगताना तो कोणाच्या आधाराने बरा आहे, हेही सांगा.

देणगीदारहो, औषधोपचाराइतकीच अशा अर्जांमागची धडपड ही रुग्णसेवाच आहे. ती आपल्या दातृत्वावर चालते.